इंधन तिथे मुक्काम : मेलबर्न ते बर्ड्सव्हिल आणि परत

निघण्यापूर्वी

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात छोटे विमान घेऊन जायचे ठरले, की प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला राहते आणि एव्हगॅस कुठे मिळते, याची यादी आधी करावी लागते. एव्हगॅस म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांचे पेट्रोल. त्याचा प्रचलित प्रकार १०० एलएल या नावाने ओळखला जातो. तो ओळखू यावा म्हणून त्याला निळा रंग दिलेला असतो आणि त्यात आजही शिसे असते. टर्बाइन इंजिनांना लागणारे जेट ए-१ आमच्या टाकीत चुकून जरी गेले, तरी उड्डाणानंतर काही मिनिटांतच इंजिन बंद पडू शकते. त्यामुळे एखाद्या धावपट्टीवर ‘इंधन उपलब्ध’ असे लिहिलेले असले, तरी ते कोणते इंधन आणि कोणाच्या हातून मिळणार, हे विचारल्याशिवाय पुढचा बेत आखता येत नाही.

आमचे विमान म्हणजे क्लबकडून भाड्याने घेतलेले सेस्ना १८२. मी आणि माझा मित्र, दोघेही मेलबर्नमध्ये स्थायिक झालेले आणि दोघांकडेही खासगी वैमानिकाचा परवाना असल्यामुळे, एकाने विमान चालवायचे आणि दुसऱ्याने नकाशा, रेडिओ व इंधनाचा हिशेब सांभाळायचा, अशी वाटणी होती. या विमानाचा वेग सुमारे १३५ नॉट, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. ते तासाला ५० लिटरच्या आसपास इंधन पिते आणि टाक्या काठोकाठ भरल्यास वापरता येण्याजोगे इंधन ३०० लिटरहून थोडे अधिक असते. कागदावर हे सहा तासांचे उड्डाण होते. नियमाप्रमाणे दिवसाच्या उड्डाणात ३० मिनिटांचे राखीव इंधन टाकीत ठेवूनच उतरावे लागते. आम्ही ते एक तासाचे धरले, कारण वाळवंटावर समोरून वाहणारा वारा हवामानाच्या अंदाजापेक्षा जोरात निघाला, तर अर्धा तास फार लवकर संपतो.

ईआरएसए या सरकारी पुस्तिकेत प्रत्येक विमानतळाची धावपट्टी, इंधन आणि संपर्काची माहिती असते. तिच्या आधाराने आम्ही ठिकाणे निवडली आणि मग दोन संध्याकाळी फोन करण्यात घालवल्या. पंप कार्डावर चालतो की माणसाला बोलवावे लागते, कोणत्या कंपनीचे कार्ड चालते, वेळेबाहेर बोलावल्यास जादा आकार किती, आणि रात्री झोपायला खोली आहे का, हे चार प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारायचे. खोलीचा प्रश्नही इंधनाइतकाच महत्त्वाचा असतो. दृश्य उड्डाणाच्या, म्हणजे बाहेर नजरेने पाहून विमान चालवण्याच्या, नियमांनुसार अंतिम उजेडाच्या किमान दहा मिनिटे आधी उतरणे बंधनकारक आहे. दुपारी तीन वाजता एखाद्या गावी पोहोचून तिथे जागा नाही असे कळले, तर पुढचे गाव दोन तासांवर असते आणि हिवाळ्यातला सूर्य तेवढा वेळ थांबत नाही.

नकाशावर ‘दुर्गम प्रदेश’ म्हणून आखलेल्या भागातून जाताना जीवरक्षक साहित्य सोबत असावे लागते. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारे संकटसूचक यंत्र आम्ही मागच्या सामानात न ठेवता अंगावरच्या जाकिटात ठेवले आणि पाण्याचे कॅन आसनांच्या मागे बांधले. याबाबत काटकसर करू नये, हे ‘कूकाबुरा’ नावाच्या विमानाच्या कहाणीवरून या देशातील वैमानिक शिकले आहेत. एप्रिल १९२९मध्ये कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक हे दोघे हरवलेल्या चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ या प्रसिद्ध वैमानिकाचा शोध घेण्यासाठी त्या छोट्या विमानातून अॅलिस स्प्रिंग्जहून निघाले. इंजिनाच्या बिघाडामुळे त्यांना तनामी वाळवंटात उतरावे लागले, झुडपांमुळे पुन्हा उड्डाण करता आले नाही, आणि विमान जवळजवळ धड असतानाही दोघे तहानेने गेले.

पहिला दिवस : मेलबर्न – मिल्ड्युरा – ब्रोकन हिल

मिल्ड्युरापर्यंतचे दोन तास गव्हाच्या शेतांवरून गेले. इंधनासाठी तिथे उतरण्याची गरज नव्हती, तरीही आम्ही उतरलो. भाड्याच्या विमानाचा खप पुस्तकातल्या आकड्याशी कितपत जुळतो, हे वस्तीच्या प्रदेशातच तपासून घेणे शहाणपणाचे असते. पंखावर चढून, टाकीत मोजपट्टी बुडवून, मग पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर गेले ते पाहिले. हिशेब तासाला ५२ लिटर निघाला. पुढच्या सर्व आकडेमोडीत ५५ धरायचे ठरले. सेस्नाच्या समोरच्या फलकावरील इंधनाचे काटे हे आशेचे साधन आहे, असे माझे मत आहे; विश्वास ठेवायचा तो मोजपट्टीवर आणि घड्याळावर.

ब्रोकन हिल हे चांदी, शिसे आणि जस्ताच्या खाणींचे गाव. बीएचपी ही आज जगभर पसरलेली कंपनी १८८५मध्ये येथूनच सुरू झाली. गाव न्यू साउथ वेल्समध्ये असूनही घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाचे, म्हणजे अर्धा तास मागे. दुर्गम वस्त्यांपर्यंत विमानाने वैद्यकीय मदत पोहोचवणाऱ्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचा मोठा तळ येथे आहे. जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून १९२८मध्ये क्लॉनकरी येथून सुरू झालेल्या या सेवेमुळे अंतर्भागातील अनेक धावपट्ट्या सपाट केलेल्या आणि जनावरांपासून मोकळ्या राहतात, आणि आमच्यासारख्या हौशी प्रवाशांनाही त्याचा आयता लाभ मिळतो. संध्याकाळीच टाक्या भरून घेतल्या. रात्रभर टाकी रिकामी राहिली तर आतल्या हवेतील बाष्प गारठून पाण्याचे थेंब होतात, म्हणून मुक्कामाला पोहोचल्याबरोबर इंधन भरायचे, ही सवय पुढेही पाळली.

दुसरा दिवस : ब्रोकन हिल – कूपर क्रीकजवळील गुरांचे रान

उत्तरेकडे निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासानंतर रस्ते तुरळक होत गेले आणि मग लाल मातीत फक्त कुंपणाच्या सरळ रेघा उरल्या. इनामिन्काच्या पुढे, कूपर क्रीकच्या काठी, एका खासगी ‘स्टेशन’वर आमचा मुक्काम ठरला होता. स्टेशन म्हणजे गुरांचे अफाट रान. त्याच्या धावपट्टीवर मालकाच्या परवानगीशिवाय उतरता येत नाही. यजमानांनी फोनवर सांगून ठेवले होते, की आधी एकदा कमी उंचीवरून चक्कर मारा, म्हणजे गुरे बाजूला होतील आणि आम्हालाही कळेल. त्याप्रमाणे केले, पाच-सहा गाई नाइलाजाने उठल्या, आणि आम्ही मातीच्या पट्टीवर उतरलो.

इथे इंधन पिंपातून घ्यायचे होते. तसे पाहिले तर त्याची गरज होती का? ब्रोकन हिलहून इथवर दोन तास, इथून बर्ड्सव्हिल एक तास, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे लिटरमध्ये काम भागत होते. परंतु बर्ड्सव्हिलला पोहोचल्यावर काही कारणाने इंधन मिळालेच नाही, तर खात्रीच्या मोठ्या ठिकाणी, म्हणजे सुमारे ५७० किलोमीटरवरच्या लाँगरीचला जाता आले पाहिजे, असा आमचा दंडक होता. तो सव्वादोन तासांचा टप्पा आणि वर एका तासाचे राखीव इंधन मिळवले, की बेरीज टाकीच्या बाहेर जात होती. पुढच्या ठिकाणी इंधन मिळणार नाही असे समजूनच आधीच्या ठिकाणी भरायचे, हा दुर्गम भागातला हिशेब शहरातून निघताना अतिरेकी वाटतो; इथे आल्यावर तो अगदी साधा वाटू लागतो.

पिंपातून विमानात इंधन घालण्याचे काम दोन माणसांना तासभर पुरते. २०० लिटरचे पिंप आधी सील आणि भरल्याची तारीख पाहून निवडायचे. उभ्या पिंपाच्या झाकणावर पावसाचे पाणी साचले, तर दिवसा तापून आणि रात्री निवून ते बुचाच्या आट्यांतून आत शोषले जाते, म्हणून यजमानांनी पिंपे आडवी निजवून ठेवली होती. पिंप उभे केल्यावर तळाशी गाळ आणि पाणी बसावे म्हणून थोडा वेळ थांबायचे. पाणी एव्हगॅसपेक्षा जड असल्यामुळे ते खालीच राहते, आणि हातपंपाची नळी तळापासून चार बोटे वर ठेवली की ते ओढले जात नाही. त्याआधी पिंप, पंप आणि विमान यांना तारेने जोडून घ्यायचे, कारण कोरड्या हवेत वाहत्या इंधनामुळे निर्माण होणाऱ्या स्थिर विजेची एक ठिणगी पुरेशी असते. मग एकाने पंखावर बसून गाळणी धरायची आणि दुसऱ्याने हातपंप फिरवायचा.

पहिले काही थेंब आम्ही पांढऱ्या कागदावर टाकून पाहिले. शुद्ध एव्हगॅस उडून जाते. जेट इंधनाची भेसळ असेल तर कागदावर तेलकट डाग राहतो. अर्थात अशा साध्या चाचणीला सगळेच दोष सापडत नाहीत. १९९९च्या अखेरीस मेलबर्नजवळच्या एका शुद्धीकरण कारखान्यातील एव्हगॅसमध्ये इथिलीन डायअमीन या रसायनाचा अंश राहून गेला, पितळी भागांवर त्याचा काळा थर जमू लागला आणि जानेवारी २०००मध्ये पूर्व ऑस्ट्रेलियातील हजारो छोटी विमाने जमिनीवर ठेवावी लागली. त्या काळी स्टेशनांवर काय गत झाली, ते यजमानांकडून ऐकण्यासारखे होते. गुरे हाकायचे विमानच बंद पडल्यामुळे त्यांना महिनोन् महिने न वापरलेल्या मोटारसायकली बाहेर काढाव्या लागल्या होत्या. आम्ही ११५ लिटर घेतले. उघडलेल्या पिंपाचे पूर्ण पैसे द्यायचे, अशी इथली रीत आहे. उरलेले इंधन यजमानांच्या सेस्नाच्या कामी येणार होते.

विमान बांधायला आम्ही घरूनच लोखंडी मेखा आणि दोर आणले होते. यजमानांनी त्याभोवती विजेच्या तारेचे तात्पुरते कुंपण घातले, कारण गाई अंग घासायला पंखांच्या कडा शोधतात आणि त्यांनी वाकवलेला एखादा पृष्ठभाग दुरुस्त करायला मेकॅनिक पाचशे किलोमीटरवरून येतो. जेवताना आम्ही सोबत आणलेले भडंग आणि तिळाची चटणी पुढे केली. चटणी त्यांना भाजलेल्या मांसावर आवडली.

तिसरा दिवस : बर्ड्सव्हिल

सकाळी दोन्ही पंखांतून आणि इंजिनाजवळच्या गाळणीतून काचेच्या नळीत इंधन काढून पाहिले. निळे, स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. तासाभराचे उड्डाण सोपे होते. २०२५च्या मार्चअखेरीस पश्चिम क्वीन्सलँडमध्ये झालेल्या अतिवृष्टीचे पाणी महिनोन् महिने या सपाट प्रदेशातील असंख्य फाट्यांतून दक्षिणेकडे सरकत गेले होते, आणि एरवी तपकिरी दिसणाऱ्या त्या पट्ट्यात अजून हिरवळ टिकून होती.

शंभरेक वस्तीच्या बर्ड्सव्हिलची धावपट्टी डांबरी आहे आणि ती गावाच्या इतकी जवळ आहे, की विमान उभे करून रस्ता ओलांडला की १८८४ साली बांधलेले बर्ड्सव्हिल हॉटेल येते. इंधन मिळाले, कार्ड चालले, आणि लाँगरीचचा सगळा हिशेब वाया गेल्याचा आनंद झाला. टाक्या भरताना एक काळजी घेतली. उभे करण्याच्या जागेला किंचित उतार होता. इंधनाची चावी ‘दोन्ही’वर राहिली तर रात्रभर वरच्या पंखातले इंधन खालच्या पंखात उतरते आणि हवेच्या नळीतून बाहेर गळते. चावी एका बाजूला वळवून ठेवली. वेगमापकाच्या नळीवर आच्छादन घातले, कारण कुंभारीण माशी एका दुपारीत तिच्यात मातीचे घर करू शकते आणि मग धावपट्टीवर वेग वाढत असताना काटा हलतच नाही.

हॉटेलच्या आवारात आणखी काही वैमानिक भेटले. अशा ठिकाणी ओळख करून देताना नावाआधी विमानाचा प्रकार सांगितला जातो, आणि बोलणे लगेच पुढच्या पंपावर येते: कुठला पंप बंद आहे, कुठे नळी छोटी आहे म्हणून विमान अगदी टेकवून उभे करावे लागते, कुठे माणूस रविवारी फोन उचलत नाही. पुस्तिकेत नसलेली ही माहिती आम्ही मन लावून टिपून घेतली.

चौथा दिवस : बर्ड्सव्हिल, वाऱ्यामुळे

दक्षिणेकडून थंड हवेचा पट्टा सरकल्यामुळे पहाटेपासून वारा सुटला आणि नऊच्या सुमारास सिम्प्सन वाळवंटाची लाल धूळ गावावर आली. उड्डाणाचा प्रश्नच नव्हता. दर दोन तासांनी जाऊन दोर तपासले; एकदा ओढ बसून एक मेख सैल झाली होती, ती पुन्हा ठोकली. बाकीचा वेळ खोलीत बसून पुढच्या मुक्कामांना फोन करण्यात गेला, कारण एक मुक्काम लांबला की पुढच्या सगळ्या खोल्या आणि पंपावरच्या वेळा बदलाव्या लागतात. कटी थांडा सरोवरात पाणी आल्यामुळे त्याच्या जवळच्या विल्यम क्रीकला, म्हणजे आमच्या पुढच्या मुक्कामी, पर्यटकांची गर्दी होती; तिथल्या बाईंनी दुसऱ्या दिवसासाठी एक खोली राखून ठेवली, हे आमचे भाग्य.

पाचवा दिवस : कटी थांडा सरोवरावरून विल्यम क्रीक

संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत एकाकी टप्पा. सरळ अंतर सुमारे ४५० किलोमीटर. वाटेत एकही गाव नाही. निघण्यापूर्वी ‘सारटाइम’ नोंदवला, म्हणजे अमुक वेळेपर्यंत आम्ही सुखरूप पोहोचल्याचे कळवले नाही तर शोध सुरू करावा, अशी सूचना हवाई वाहतूक यंत्रणेकडे दिली. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेतच देतात, आणि ते बरेच आहे, कारण क्वीन्सलँडमधून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना मनगटावरचे घड्याळ पुन्हा अर्ध्या तासाने चुकते. पश्चिमेचा वारा अजून २० नॉटचा होता. कुठवर गेल्यावर मागे फिरणे शक्य राहणार नाही, तो बिंदू काढला. टाक्या भरलेल्या असल्यामुळे तो गंतव्याच्याही पलीकडे येत होता, म्हणजे विल्यम क्रीकच्या डोक्यावरून परत बर्ड्सव्हिल गाठता आले असते. हा आकडा कागदावर आल्यावरच मित्राने इंजिन सुरू केले.

सिम्प्सनच्या वाळूच्या टेकड्या वायव्येकडून आग्नेयेकडे समांतर ओळींत धावतात. सेसिल मॅडिगन यांनी १९२९मध्ये विमानातून या प्रदेशाची पाहणी करून त्याला हे नाव दिले. त्या ओळींमध्ये उतरायची वेळ आली तर टेकड्यांच्या लांबीच्या दिशेनेच, दोन ओळींमधल्या सखल पट्टीत उतरायचे, हे आम्ही एकमेकांना दोनदा बोलून दाखवले.

मग टेकड्या संपल्या आणि कटी थांडा, म्हणजेच लेक आयर, समोर आले. त्याचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १५ मीटर खाली आहे आणि देशाच्या जवळजवळ एक षष्ठांश भागाचे पाणी याच खोलगटात येते. तरीही बहुतेक वर्षी तिथे कोरड्या मिठाखेरीज काही नसते. १९६४मध्ये डोनाल्ड कॅम्बेल यांनी याच मिठावर ताशी ६४८ किलोमीटरहून अधिक वेगाने गाडी चालवली होती. आता तिथे पाणी होते, फिकट गुलाबी ते करडे, आणि क्षितिज कुठे आहे ते कळत नव्हते. स्थिर पाण्यावर उंचीचा अंदाज फसतो, शिवाय पेलिकनचे थवे होते. म्हणून आम्ही खाली उतरण्याचा मोह टाळला, ठरवून दिलेल्या फ्रीक्वेन्सीवर आपली जागा सांगत राहिलो आणि प्रेक्षणीय फेऱ्यांच्या विमानांची उत्तरे ऐकत राहिलो. आकाशात इतकी गर्दी मेलबर्न सोडल्यापासून दिसली नव्हती.

विल्यम क्रीक हे जेमतेम दहा-बारा वस्तीचे गाव आहे: एक जुने हॉटेल, काही खोल्या, ऊडनाडाटा ट्रॅक हा कच्चा रस्ता आणि हॉटेलला लागूनच धावपट्टी. इंधनासाठी आमच्या पुढे फेऱ्यांची विमाने होती आणि त्यांची वेळ ठरलेली असल्यामुळे आम्ही त्यांना पुढे जाऊ दिले. थांबल्यावर पहिले काम सारटाइम रद्द करण्याचे. ते उतरण्यापूर्वीच रेडिओवर करता येते, पण आम्ही जमिनीवरूनच करत असू, कारण सुखरूप पोहोचणे म्हणजे चाके थांबणे. टाकीत १५० लिटरहून अधिक शिल्लक होते. रात्री थंडी शून्याजवळ गेली आणि सकाळी इंजिनाचे तेल गरम होईपर्यंत धावपट्टीच्या टोकाला बराच वेळ उभे राहावे लागले.

सहावा दिवस : कूबर पीडी

जेमतेम चाळीस मिनिटांचे उड्डाण. १९१५मध्ये ओपल सापडल्यावर वसलेले हे गाव उन्हाळ्याच्या काहिलीपासून वाचण्यासाठी मोठ्या प्रमाणात जमिनीखाली राहते, आणि आम्हीही खडकात खोदलेल्या खोलीत झोपलो. छान झोप लागली. पण फोनला रेंज नसल्यामुळे हवामानाचा अंदाज पाहायला पहाटे बाहेर यावे लागले. विमानतळ गावाबाहेर असल्याने इंधन आदल्या दिवशीच उरकले होते.

सातवा दिवस : पोर्ट ऑगस्टा – मिल्ड्युरा

दक्षिणेकडे जाताना वूमेराचे क्षेपणास्त्र-चाचणी क्षेत्र आडवे येते. सव्वा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या या टापूवरील हवाई निर्बंध कधी लागू असतील, ते नोटॅम नावाच्या सूचनांतून कळते. त्या दिवशी आमचा मार्ग खुला होता, तरी वळसा घालावा लागला असता तर किती इंधन लागले असते, ते टाकीत होतेच. पोर्ट ऑगस्टाला भरले, समुद्र दिसला, आणि हिरव्या शेतांवरून मिल्ड्युरा गाठले. इथून पुढे पाऊण तासावर कुठे ना कुठे पंप असतो, त्यामुळे संध्याकाळी लाँगरीचसारखे हिशेब करण्याचे काही कारण उरले नाही. तरीही मित्राने सवयीने तक्ता भरला.

आठवा दिवस : मेलबर्न

सकाळचे धुके उठेपर्यंत थांबून निघालो आणि दुपारी उतरलो. पंखांच्या खाली, चाकांच्या आवरणांत आणि सामानाच्या कप्प्यात लाल माती भरली होती. ती धुण्यात दोन तास गेले. क्लबच्या नोंदवहीत इंधनाच्या सर्व पावत्या लावल्या, स्टेशनच्या पिंपाची हाताने लिहिलेली चिठ्ठीही त्यांत होती. टाक्या मात्र अर्ध्याच भरल्या, कारण दुसऱ्या दिवशी ते विमान घेऊन चौघे जण सामानासह जाणार होते आणि पूर्ण टाकीचे वजन त्यांना परवडले नसते.